हवालदाराचं दार

रावेतमध्ये शालनबाईबद्दल दोन मतं होती. एक असं, की बाई कष्टाळू, बोलायला तिखट पण मनानं साफ, आणि तिच्या घरचं ताक पंचक्रोशीत कुणाला करता यायचं नाही. दुसरं असं, की बाईच्या डोक्यात थोडा भुस्सा आहे. गंमत म्हणजे दोन्ही मतं एकाच माणसाची असत. ताक मागायला आलं की पहिलं, आणि तांब्या भरून घरी गेलं की दुसरं.

बाई अंगानं एवढीशी. डोक्यावर पाटी घेतली की लांबून पाहणाऱ्याला पाटीच चालत येतेय असं वाटावं. आणि तिच्या मागून येणारं कुत्रं हे वासराएवढं. सकाळी दूध घालायला दोघं देहूरोडच्या वाटेला लागली, की कोण कुणाला घेऊन चाललंय यावर पारावर वाद व्हायचा. शालनबाई पाराजवळून जाताना पदर सावरून विचारायची, "काय ठरलं मग आज?" पारावरचे पुरुष एकदम पावसापाण्याचं बोलायला लागत.

कुत्र्याचं नाव हवालदार. देहूरोडच्या छावणीत एक पंजाबी हवालदार तिचं दूध घ्यायचा. त्याची बदली झाली तेव्हा जाता जाता त्यानं तिच्या रिकाम्या चरवीत एक पिल्लू ठेवलं, सलाम ठोकला आणि गाडीत बसला. पिल्लाची आई धनगराच्या कळपातली, हे दिसतच होतं. बाप कोण, ते छावणीलाच ठाऊक, आणि छावणी असल्या गोष्टी बाहेर बोलत नाही. पिल्लू इतकं वाढलं की उद्धव म्हणायचा, "ह्याला भाकरी घालतीस का खत?"

उद्धव म्हणजे शालनबाईचा नवरा. त्यांचं घर गावात नव्हतं, नदीकडच्या मळ्यात होतं. घरात तीन माणसं. नवरा, बायको आणि उद्धवची आई आक्काबाई. म्हातारा जाऊन काही वर्षं झाली होती. त्याचा फोटो कधी निघाला नव्हता, पण विहिरीतून पाणी ओढायची त्याची मोट होती. विहिरीवर इंजिन बसलं, तशी ती कातड्याची मोट, पाणी ओतणाऱ्या लांब सोंडेसकट, गोठ्यात आढ्याला टांगली गेली. आक्काबाई सणावाराला तिला तेल लावायची. हातात वाटी घेऊन म्हातारी मोटेशी हळू आवाजात बोलते, असं शेजारची गोजाबाई सांगायची. आता गोजाबाई काय काय सांगायची ते सगळं खरं धरायचं म्हटलं तर रावेतमध्ये एकही माणूस शहाणा राहत नाही. पण हे तेवढं खरं होतं.

त्या सुमारास पिंपरीला औषधाची नवी कंपनी निघाली आणि उद्धवला तिथं काम लागलं. त्यानं सायकल घेतली, खाकी पँट शिवली आणि तो गावात शिफ्टशिवाय बोलेनासा झाला. लोक त्याला शिफ्टराव म्हणायला लागले. त्याला ते आवडायचं. पण रातपाळी आली की मळ्यातल्या घरात दोन बायका एकट्या उरत, आणि त्याच वर्षी शेलारवाडीच्या डोंगरातला बिबट्या खाली उतरायला लागला. गोजाबाईचं कुत्रं त्यानं ओट्यावरून उचललं. सकाळी नुसती साखळी राहिली.

उद्धवनं लोहाराकडून हवालदारासाठी पट्टा करून आणला. धनगर आपल्या कुत्र्यांना घालतात तसला. कातड्याची पट्टी, तिच्यातून बाहेर आलेले टोकदार खिळे, आणि मागं लोखंडी कडी. बिबट्या धरतो ती मान. मानेला खिळे असले की तो तोंड घालत नाही.

तरी अडचण उरलीच. कुत्रं घरात घेतलं तर गोठ्यातल्या म्हशीला वाली नाही. बाहेर ठेवलं तर पट्टा असला तरी भरवसा नाही. हवालदाराला तर दोन्हीकडं पाहिजे असायचं. बाहेर खुट्ट झालं की त्याला बाहेर जायचं, आणि दोन मिनिटांनी शालनबाई बरी आहे ना हे बघायला पुन्हा आत. अडसर काढा, अडसर घाला. एकदा तिनं दार उघडलं तर अंगणात कडब्याच्या गंजीशी दोन डोळे चमकले. तिनं दार लावलं, सासूला काही बोलली नाही, आणि सकाळी उद्धव आल्यावर चहा ओतता ओतता सांगितलं. त्यानं बशी खाली ठेवली. रात्री दार उघडायचं नाही, असं त्यानं फर्मान काढलं.

"मंग भिंतीला त्याचं येगळं दार करा," शालनबाई म्हणाली.

ही गोष्ट गावात पोचायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. कुत्र्याला दार. आता त्याला न्हाणीघर कधी, असं एकानं विचारलं. गोजाबाई म्हणाली, "अगं, त्याच दारानं बिबट्या आत आला म्हंजी?"

"येऊ दे की. हवालदाराला वलांडून आला तर मी त्येला चहा ठेवते."

सोप्यातून गोठ्यात जाईल असं भगदाड भिंतीला पाडायचं ठरलं. आबाजी सुतार आला. आबाजी कामाला चांगला, पण काम कमी आणि मत जास्त देणारा. त्यानं हवालदाराला आडवा-उभा मापला, हवालदारानंही त्याला नाकानं मापून घेतलं. सागाची जाड फळी वर बिजागऱ्यांवर टांगायची, धक्का दिला की उघडेल, सोडली की पडेल, असा बेत झाला.

तेवढ्यात आक्काबाई चुलीपुढून उठून आली. "उघडणार कुनीकडं?"

"दोनी बाजूंनी, आत्याबाई," शालनबाई म्हणाली.

"न्हाई. घराचं दार आत उघडतं. लक्ष्मी यायची ती आत यायची. भायेर उघडणारं दार तिला ढकलून देतं. ह्या घराला तसलं दार न्हाई व्हायचं."

"मी तरी कुठं करतुय," आबाजी म्हणाला. "माझ्या बापानं केलं न्हाई, मी करणार न्हाई. मानसाचं असू द्या न्हाईतर कुत्र्याचं."

मग आबाजीनं चौकटीला, फळीच्या बाहेरच्या अंगानं, आडवी पट्टी ठोकली. फळी आत उघडायची, बाहेर जायची नाही. हवालदार गोठ्यातून आत येताना डोक्यानं ढकलायचा, हे सोपं. बाहेर जाताना मात्र पंजानं फळी आपल्याकडं ओढायची, फटीत नाक घालायचं, फळी डोक्यावर घ्यायची आणि तिच्याखालून सरपटत निघायचं. कुत्रं हुशार. भाकरीच्या लालचीनं चार दिवसांत शिकलं. आबाजी गावभर सांगत फिरला, की आपण केलेलं दार जनावरालासुद्धा कळतं.

मग एका पहाटे शालनबाई धार काढायची भांडी घासत होती. गोठ्यात रेडकू हंबरलं आणि हवालदार उठून दाराकडं गेला. फळी नेहमीसारखी करकरली. पण खाली पडल्याचा आवाज आला नाही. भुंकणंही नाही. नुसतं जमिनीवर नखं घासल्याचा आवाज.

ती धावली. कुत्रं निम्मं बाहेर, निम्मं आत. मानेवरून सरकणारी फळी पट्ट्याच्या खिळ्यांत रुतली होती. ते जितकं पुढं रेटायचं तितकी फळी मिटत मानेवर दाबायची. दोन पावलं मागं सरलं असतं तर सुटलं असतं. पण पुढं रेडकू हंबरत होतं, आणि मागं सरणं हवालदाराच्या रक्तात नव्हतं.

शालनबाईनं खिळ्यांच्या आणि फळीच्या मध्ये सरळ आपला डावा हात घातला. "आत्याबाई, विळा," एवढंच म्हणाली. म्हातारीनं विळा दिला. शालनबाईनं पट्टा कापला, तशी फळी धाडकन मिटली, हवालदार पलीकडं पडला आणि बराच वेळ घुर्र घुर्र करत नुसता श्वास घेत राहिला. तिच्या तळहातातून रक्त गळत होतं. तिनं आधी गोठ्यात जाऊन कुत्र्याला पाणी पाजलं आणि मग हळदीचा फडका आपल्या हाताला बांधला.

उद्धव पाळीवरून आला तो सायकल टेकवतानाच त्याला जमिनीवरचं रक्त दिसलं. कुणाचं किती, हे विचारायच्या आधीच त्याचं ठरलं होतं.

"हे कुत्रं ह्या घरात नगं. चिंचवडचं यशवंतराव कंत्राटदार कवापासनं मागत्यात. मोठं आवार हाय, तारेचं कुंपन हाय. ऐतवारी येऊन घेऊन जातील."

"अन् तुमची रातपाळी?"

"गावात ऱ्हायला जाऊ. भावकीत एक खोली मागतो."

"अन् म्हस? अन् मळा?"

मळ्यातलं घर सोडायचं म्हणजे काय, ते उद्धवलाही ठाऊक होतं. शेवटी म्हणाला, "ऐतवारपातुर ते कुत्रं त्या दारातनं नीट गेलं-आलं, इजा न होता, तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर त्यास्नी नेऊ दे. पाळीला जाताना तसा शब्द देऊन ठेवतो." आणि तो डोक्यावरून चादर घेऊन झोपला.

इकडं हवालदार त्या दाराकडं बघायलाही तयार नव्हता. फळी वाऱ्यानं करकरली तरी कान पाडून चुलीशी जाऊन बसायचा. एवढं धूड, बिबट्यावर धावून जाणारं, आणि एका फळीला भ्यायलं. गावातल्या काही जणांना ते बघून बरं वाटलं. मोठ्यांना भ्यालेलं बघायला लोकांना आवडतंच.

शालनबाईनं रडबिड केली नाही. तिनं कापलेला पट्टा शिवला, लोखंडी कडी काढून टाकली आणि तिच्या जागी सुताचं बिरडं, म्हणजे दोऱ्याची अडकवायची गाठ, लावलं. रोज चालेल, पण जोराची ओढ बसली तर तुटून सुटेल, असं. पट्ट्याचं झालं. दार मात्र नेमकं कुठं धरतं ते तिला समजेना. कुत्र्याला विचारून सोय नव्हती, आणि आबाजीला विचारलं तर तो कुत्र्याचीच चूक काढणार.

तेव्हा एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, खिळ्यांचा पट्टा आपल्या गळ्यात घातला, बिरडं मागं अडकवलं, हातापायांवर झाली आणि हवालदाराच्या दारात शिरली.

हातानं फळी आपल्याकडं ओढली, डोकं घातलं, फळी डोक्यावरून मानेवर आली. खालची कड खिळ्यांना अडकली. हं, हितं धरतं. शिवाय खालचा दगड उंच, म्हणून पाठ वर निघते आणि वरच्या लाकडावर घासते. हे सगळं तिला एका क्षणात कळलं, आणि दुसऱ्या क्षणी हेही कळलं, की पाठ वर अडकल्यामुळं तिला आता पुढंही जाता येत नाही आणि मागंही.

नेमकी तेव्हाच गोजाबाई तांब्या घेऊन गोठ्याच्या बाजूनं आली. बघते तर भिंतीतून शालनबाईचं मुंडकं बाहेर, गळ्यात कुत्र्याचा पट्टा, आणि समोर हवालदार बसून तिचं तोंड चाटतोय.

"शालन, काय गं हे?"

"ताक चुलीपाशी हाय, घ्या वतून," शालनबाई म्हणाली. जणू काही रोजच ती भिंतीतून ताक वाढत होती.

गोजाबाईनं ताकही घेतलं नाही. अशी बातमी हातात असताना ताक कोण नेतं. ती गावाकडं जी सुटली, ती संध्याकाळी देहूरोडच्या वाटेवर भेटलेल्या माणसांनाही सांगून आली.

आत मात्र आक्काबाई विहिरीवरून परत आली होती. सुनेचे पाय तिनं सोप्यात बघितले. पुढं येऊन दोन्ही हातांनी फळी उचलून धरली. फळी जड. म्हातारीनं गुडघा टेकून ती पेलली. शालनबाई मागं सरकून निघाली, तेव्हा तिच्या मानेवर फळीचा लाल वळ उठला होता. आक्काबाईनं त्याच्यावरून बोट फिरवलं. त्या पहाटे कुत्र्याचा गळा आवळला तेव्हा तिला एवढं वाटलं नव्हतं.

"एवढं घट दाबती व्हय गं ती?"

"कुत्र्याला आनखी. ते रेटतं."

म्हातारी भिंतीला टेकून बसली. पदरानं तोंड पुसलं. "दार भायेर उघडणार न्हाई," ती म्हणाली. शालनबाईचा चेहरा उतरला. म्हातारी थोडा वेळ गोठ्याच्या आढ्याकडं बघत राहिली. "दार न्हाई उघडणार. पन पडद्याचं कुनी काय सांगितलंय?"

"कसला पडदा?"

"मोटंची सोंड काढ खाली."

शालनबाई तिच्याकडं बघतच राहिली. मोटेला हात लावायची सोय त्या घरात कुणाला नव्हती. उद्धवनं एकदा तिच्या कातड्याचे चपलांसाठी तुकडे मागितले होते, तेव्हा त्याला दोन दिवस आईच्या हातचं जेवण मिळालं नव्हतं.

"अशी बघतीस काय? लक्ष्मी ह्या घरात आली ती त्या सोंडंतनंच आली. विहिरीत जायची, पानी घेऊन भायेर यायची. आत अन् भायेर. कंदी कुनाला दाबलं न्हाई तिनं." मग आवाज उतरवून म्हणाली, "टांगून ठेवून तरी मी काय करणार हाय. वास जाऊ लागलाय तिचा."

दोघींनी सोंड उतरवली. पाण्यात भिजवली, करडईचं तेल चोळलं. जुनं कातडं, वर्षानुवर्षं पाण्यानं मऊ झालेलं. आबाजीला बोलावलं. फळी काढायची म्हटल्यावर तो रुसला. दार बाहेर उघडायचं म्हटल्यावर आणखी रुसला. आक्काबाई म्हणाली, "दार कुठं हाय? पडदा हाय. तुझ्या बापानं पडदा करू नगं म्हून सांगितलं हुतं का?" आबाजीला बापाचं तसं काही आठवेना. त्यानं खालचा दगड काढून चौकट खाली नेली, कडा गोल घासल्या, आणि कातड्याच्या दोन रुंद पट्ट्या एकीवर एक येतील अशा वरून टांगल्या. खिळ्याचं डोकं कुठं वर राहिलं का, ते शालनबाईनं स्वतःचा गाल चौकटीवर फिरवून बघितलं. एका जागी गाल खरवडला. आबाजीनं निमूटपणे तिथं पुन्हा हातोडी मारली.

सगळं झालं. फक्त हवालदार जाईना. भाकरी दाखवली, दूध दाखवलं, उद्धवनं आणलेलं मटणाचं हाड दाखवलं. हवालदार लांबून मान तिरकी करून बघायचा आणि लाळ गाळायचा. रविवार उजाडला तरी तेच.

यशवंतराव आले. लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप, डोक्याला जरीचा फेटा, हातात नवी कोरी साखळी. माणूस वाईट नव्हता, पण आपण आलो की कोंबड्यांनीही उठून उभं राहावं अशी त्यांची अपेक्षा असायची. जीपमागून निम्मं गाव आलं. गोजाबाई पुढं होती. आबाजी सगळ्यांच्या मागं, सोयीनं पुढं यायचं का पळायचं ते ठरवत.

"कुठं हाय आमचं कुत्रं?" यशवंतरावांनी ओट्यावर बसत विचारलं. 'आमचं' म्हणाले. शालनबाईनं ते ऐकलं.

ती सोप्यात गेली. हवालदार चुलीशी बसला होता, गळ्यात पट्टा. ती त्याच्याजवळ बसली नाही, त्याला कुरवाळलंही नाही. एवढ्या लोकांसमोर, नवऱ्यासमोर, जरीच्या फेट्यासमोर तिनं काष्टा खोचला, हातापायांवर झाली आणि कातड्याच्या पडद्यातून पलीकडं गोठ्यात निघून गेली. कातडं तिच्या पाठीवरून घसरलं आणि थपकन मिटलं.

बाहेर कुणी हसलं. कुणाला तरी ठसका लागला. उद्धवनं मान खाली घातली.

सोप्यात हवालदार उठून उभा राहिला. बाई भिंतीत गेली आणि दिसेनाशी झाली, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. तो पुढं आला. कातड्याला नाक लावलं. जुन्या विहिरीचा, तेलाचा, आक्काबाईच्या हाताचा वास. पलीकडून काहीच आवाज नाही. शालनबाई मुद्दाम गप्प बसली होती, आणि आयुष्यात बाई एवढी गप्प त्याच वेळी बसली, असं पारावर पुढं ठरलं. हवालदारानं एकदा मागं, आक्काबाईकडं बघितलं.

"जा की रं," आक्काबाई म्हणाली. "घरचंच हाय."

हवालदारानं डोकं घातलं. पट्ट्या बाजूला झाल्या. खिळे कातड्यावरून सरकत गेले, कुठं धरलं नाही, कुठं दाबलं नाही, आणि ते एवढं धूड शेपटीसकट पलीकडं गेलं. लगेच परत आत आलं. पुन्हा बाहेर गेलं. मग आत, मग बाहेर. त्याला खात्री करून घ्यायची होती, का मजा यायला लागली होती, देव जाणे. दर वेळी थप, थप असा आवाज यायचा आणि गोठ्यात शालनबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत बसली होती. हसत होती, असं ती तरी सांगायची.

यशवंतरावांनी साखळी उचलली. "चला, आणा त्याला."

उद्धव उठला. कंत्राटदाराला दिलेला शब्द मोडायचा म्हणजे धाडसाचंच काम, आणि हा माणूस तसा धाडसाचा नव्हे. त्यानं पँट सारखी केली. "यशवंतराव, कुत्रं देता येत न्हाई."

"का बरं?"

"त्येची रातपाळी लागलीय."

यशवंतराव त्याच्याकडं बघत राहिले, मग दाराकडं, मग गोठ्यातून गवत झटकत येणाऱ्या शालनबाईकडं. "राहू द्या," ते म्हणाले. "पण असलं दार माझ्या बंगल्याला करून पाहिजे. केलं कुणी?"

आबाजी सुतार, जो इतका वेळ सगळ्यांच्या मागं होता, तो कुणालाही न ढकलता एकदम सगळ्यांच्या पुढं कसा आला ते कुणाला कळलं नाही. "मी केलं, मालक. माझंच काम. दोनी बाजूंनी जातं."

शालनबाईनं हवालदाराच्या गळ्यातलं बिरडं सोडलं आणि खिळ्यांचा पट्टा आबाजीपुढं धरला. "करा की, भावजी. फकस्त आधी ह्यो गळ्यात घालून त्यांच्या भिंतीतनं एकदा जाऊन या."

आबाजीला पुढं चिंचवडला ते काम मिळालं. पट्टा घालून तो भिंतीतून गेला की नाही, हे त्यानं कधी सांगितलं नाही. पण मानेला महिनाभर उपरणं गुंडाळून फिरायचा, हे गोजाबाईनं बघितलं होतं.

रातपाळी आली की उद्धव संध्याकाळी सायकल काढायचा. बांधापर्यंत जायचा आणि एक पाय जमिनीला टेकवून उभा राहायचा. आतून थप असा आवाज आला, की मग पेडल मारायचा. आणि पाडव्याला आक्काबाई वाटीत हळदीकुंकू घेऊन कातड्याच्या पडद्यापुढं बसायची. दाराची पूजा करतेस का गं, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "दाराची कशाला करू, मोटंची करती." हळद लावून होते न होते तोच पलीकडून हवालदार आत घुसायचा, आणि सणाच्या दिवशी दुपारपर्यंत गावभर पिवळ्या कपाळानं हिंडायचा.